वीस मिनिटांचा धवला

रोज सकाळी साडेनऊला कुमुदताई कर्णिक बारा प्लेअर चार्जिंगला लावतात आणि रोज त्यांतला एक तरी हटून बसतो. काडेपेटीएवढी ती यंत्रं. पडदा नाही, फोन नाही. चालू, बंद, पुढचं गाणं आणि आवाज कमीजास्त, एवढीच बटणं. त्यातलं पुढच्या गाण्याचं बटण ताईंनी चिकटपट्टीखाली गाडून टाकलंय, कारण म्हातारी माणसं ते दाबत सुटतात आणि मग आपलं गाणं हरवलं म्हणून रडतात. एवढा खटाटोप कशाला, मोबाईल द्या की हातात, असं नवीन येणारा प्रत्येक नातेवाईक सुचवतो. ताईंनी तेही करून पाहिलं होतं. काशिराम नावाचे एक आजोबा डोळे मिटून भजन ऐकत होते, तंद्री लागायच्या बेतात होती, आणि मध्येच क्रेडिट कार्ड घेता का म्हणून विचारणाऱ्या पोरीचा फोन आला. आजोबांनी तिला अर्धा तास आशीर्वाद दिले. त्या दिवशी ताईंनी कानाला खडा लावला.

केंद्र पनवेलच्या वडाळे तलावापासून हाकेच्या अंतरावर, एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. आठवण हरवत चाललेल्या माणसांना घरच्यांनी सकाळी दहाला आणून सोडायचं आणि संध्याकाळी पाचला घेऊन जायचं. मधल्या वेळात त्यांना जेवू घालायचं, हातपाय हलवायला लावायचे, आणि दुपारी दोन ते चार संगीतोपचार. हा शब्द दारावरच्या पाटीवर फार भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात त्यातला अर्धा वेळ हेडफोनचे स्पंज धुण्यात जातो, कारण तेलाचं डोकं आणि कानातला मळ यांना रागदारी कळत नाही. उरलेला वेळ कोणाचा प्लेअर कोणाच्या खिशात गेला हे शोधण्यात. ताई एकसष्ट वर्षांच्या आहेत. संध्याकाळी घरी जाऊन पाय पाण्यात सोडून बसल्या की त्यांचे यजमान कमलाकरराव विचारतात, आज कोण बरं झालं? ताई म्हणतात, कोणीच नाही. चार वर्षांत या उत्तरात फरक पडलेला नाही.

तशा त्या गाणाऱ्या. पनवेलच्याच एका शाळेत सत्तावीस वर्षं संगीत शिकवलं, पंधरा ऑगस्टची समूहगीतं बसवली, पेटी वाजवून वाजवून डावा खांदा उतरवून घेतला. मग थायरॉईडचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलता येतं, पण तो आवाज पिठाच्या चाळणीतून आल्यासारखा येतो. वरचा सा तर राहूच दे, समोरचा भाजीवालाही दोनदा विचारतो. निवृत्ती दोन वर्षं लांब असताना त्यांनी शाळा सोडली. मग कोणी तरी या कामाचं सांगितलं. मुंबईला तीन दिवसांचा वर्ग होता. तिथे एक तरतरीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गायला यायला हवं असं मुळीच नाही, माणसाच्या तरुणपणातलं गाणं शोधून त्याच्या कानात घालता आलं पाहिजे. ताईंना ते पटलं, म्हणजे पटवून घ्यावं लागलं. त्याच बाईंनी आणखी एक नियम सांगितला. वीस मिनिटं. त्याहून जास्त ऐकवलं की मेंदू थकतो, माणूस चिडतो. वीस मिनिटं झाली की हेडफोन हळूच काढायचा, पाणी द्यायचं आणि तक्त्यावर खूण करायची. तक्त्यावर दोन चेहरे काढलेले असतात, एक आधीचा आणि एक नंतरचा. ताईंनी हा नियम पेटीच्या भात्यासारखा सांभाळला. त्यातूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

भामाबाई केंद्रात आल्या त्या जानेवारीत. अठ्ठ्याहत्तरीच्या, काटक, नऊवारी घट्ट नेसलेल्या, हातात हिरवा चुडा. त्यांचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं आणि सगळे नव्या वसाहतीत राहायला आले. गाव उठलं तेव्हापासूनच आईचं डोकं उठलं, असं त्यांची सून सुनिता म्हणायची. सुनिता कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर संगणकावर पावत्या काढते. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन उरणच्या बाजूला. सासूला घरी बघणारं कोणी नाही, म्हणून वर्षभर ती बाहेरून कुलूप लावून कामावर जात होती. हे सांगताना तिनं मान खाली घातली नव्हती, सरळ ताईंकडे बघत सांगितलं होतं. "काय करनार ताई. पयल्या दिवशी जीव गेला माझा. मग सवय झाली. सवय झाली तेचंच जास्त वाईट वाटतं."

ताई सगळ्यांना 'तू' म्हणतात, ती शाळेतली सवय. "तुझ्या सासूबाईंना कुठली गाणी आवडतात?" त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आवडतात काय, तेच तर काम होतं त्यांचं," सुनिता म्हणाली. "धवलारीन हाय ती. पंचवीस गावांत लग्नं लावलीत."

ताई पनवेलच्याच असल्या तरी गावाच्या त्या भागात त्यांचं जाणं कधी फारसं झालं नव्हतं. आगरी लग्नात धवलारीण बसते, ती धवले गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं, एवढं त्या ऐकून होत्या. सुनिताकडे एक रेकॉर्डिंग होतं. अकरा वर्षांपूर्वी पुतण्या निकेशचं लग्न झालं, तेव्हा कोणी तरी मोबाईल मांडवाच्या खांबाला बांधून ठेवला होता. साडेतीन तासांचं. मधूनमधून भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी भांडण, कुत्रं. पण सगळ्यावरून चाललेला भामाबाईंचा आवाज. ताईंनी ते ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या अंगावर काटा आला. ना तंबोरा ना पेटी, एका पट्टीत लावलेला सूर साडेतीन तास तसूभर ढळलेला नव्हता. आयुष्यभर पोरांना सूर धर, सूर धर म्हणून ओरडलेल्या बाईला त्याची किंमत कळत होती. थोडा हेवाही वाटला.

आता साडेतीन तासांतून वीस मिनिटं काढायची. ताईंनी कान लावून निवडली. सुरुवातीलाच भामाबाई देवांना लग्नाला बोलावतात, एकेकाचं नाव घेऊन, एकेकाच्या ठिकाणाचं वर्णन करून. या मांडवात ये, पाटावर बस. तिथे आवाज असा काही खुललेला होता की ताईंनी तोच तुकडा कापला. केंद्रातला संगणक जुनाट, त्यात जागा कधीच नसते. काम झाल्यावर मूळ फाईल त्यांनी पुसून टाकली. चार वाजून गेले होते, सात स्पंज धुवायचे राहिले होते, आणि सुनिताकडे आहेच की, असं त्यांना वाटलं.

पहिल्या दिवशी भामाबाईंच्या कानाला हेडफोन लावला तेव्हा केंद्रातल्या सगळ्या मावश्या गोळा झाल्या. भामाबाई ताठ बसल्या. पदर नीट केला. ओठ हलायला लागले, उजवा हात मांडीवर थाप देऊ लागला. कोणाला ओळखत नव्हत्या, सुनेला 'बाय' म्हणत होत्या, आपण कुठे आहोत याचा पत्ता नव्हता. पण धवल्यातला एक शब्द चुकला नाही. तक्त्यावर ताईंनी दुसरा चेहरा हसरा काढला. त्या दिवशी कमलाकररावांना त्या 'कोणीच नाही' असं म्हणाल्या नाहीत.

मग तीन-चार दिवसांनी भामाबाई फाटकाकडे जायला लागल्या. रोज दुपारी, हेडफोन काढला की तासाभरात. आधी नुसत्या उभ्या राहायच्या. मग वॉचमन उदयसिंहला ढकलून बाहेर पडू लागल्या. एकदा रिक्षा स्टँडवर सापडल्या, एकदा तलावाच्या कट्ट्यावर, भर उन्हात, पायात काही नाही. जेवणाचं ताट समोर आलं की बाजूला सारायच्या. उदयसिंह हाताला धरून आणायचा तेव्हा त्याला असल्या शिव्या द्यायच्या की त्याला मराठी येत नाही हे बरंच होतं. तीन आठवड्यांत त्या चार किलोंनी उतरल्या.

केंद्राची व्यवस्थापक प्राजक्ता. बत्तीस वर्षांची, खारघरहून स्कूटरवर येते. पाचवीत असताना ती ताईंच्याच वर्गात होती. समूहगीतात तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस, असं ताईंनी तिला सांगितलं होतं आणि ती ते विसरलेली नाही. पण पोरगी वाईट नाही. सोमवारी तिनं ताईंना खोलीत बोलावलं.

"ताई, मला हे बोलायला आवडत नाहीये. पण गाडीखाली आल्या तर? ट्रस्टची मीटिंग झाली. शनिवारपर्यंत त्या शांत झाल्या नाहीत तर घरच्यांना सांगावं लागेल की आम्ही नाही सांभाळू शकत."

"घरी नेऊन ती काय करेल? कुलूप लावेल."

"मला माहितीये. दुसरा काही मार्ग असेल तर सांगा ना."

मार्ग असता तर ताई प्राजक्तासमोरच्या खुर्चीत बसल्याच नसत्या. त्यांनी डॉक्टरांची गोळी बदलून मागितली, दुपारची झोप सकाळी करून पाहिली, भामाबाईंची खुर्ची फाटक दिसणार नाही अशी फिरवली. प्लेअर मात्र रोज वेळेवर लावला, कारण दिवसातली तीच वीस मिनिटं बाई सुखात असायची. रोगावर औषध म्हणून रोगच पाजत होत्या, पण हे तेव्हा त्यांना कोण सांगणार.

बुधवारी दुपारी हेडफोन काढल्यावर ताईंनी बाकीच्यांना मावश्यांवर सोपवलं आणि भामाबाईंच्या मागोमाग गेल्या. गुडघे दुखत होते. फाटकाशी भामाबाई उदयसिंहच्या स्टुलाला धरून उभ्या राहिल्या आणि बोटांच्या पेरांवर काही तरी मोजू लागल्या. चार पेरं झाली की पुन्हा पहिल्यावर यायच्या.

"काय मोजताय, भामाबाई?"

उत्तर येईल अशी ताईंची अपेक्षा नव्हती. "उभे हायत," भामाबाई म्हणाल्या. "कवाशी उभे हायत."

"कोण उभं आहे?"

भामाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू लग्नघरातली बाई असून हिला एवढं कळत नाही. "देव. बोलावले सगले, न् पाठवले नाय. पानी इचारलं नाय कोनी. मी बोलावलं ना त्यांना? मग मी कशी जेवू?" मग ताईंचा दंड धरून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला जाऊ दे बाय. लगीन अर्धं सोडून उठवतात मला. रोज उठवतात."

ताई तिथेच उदयसिंहच्या स्टुलावर बसल्या. बोलावणं असतं तिथे निरोपही असणार, हे कळायला संगीत विशारद असावं लागत नाही. घरच्या गणपतीलासुद्धा आपण पुनरागमनाय च म्हणतो. आणि आपण गेले तीन आठवडे रोज दुपारी दोन वाजता या बाईकडून देव बोलावून घेतले, आणि दोन वीसला तिच्या कानातून लग्न काढून घेऊन तिला पाण्याचा पेला दिला. वर चेहरा हसरा काढला. इतकी वर्षं कान तयार केला तो सुंदर काय ते ऐकायला. पुरं काय ते ऐकायचं राहून गेलं. ताईंना स्वतःची शरम वाटली. अगदी थोबाडीत मारून घ्यावी अशी.

त्यांनी संगणकावर शोधलं. फाईल नव्हती. कचऱ्याच्या टोपलीतही नव्हती; ती टोपलीही त्यांनीच रिकामी केली होती, कारण नीटनेटकेपणाचा रोग जुना. मग सुनिताला फोन लावला आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा हवंय असं सांगितलं.

गुरुवारी सुनिता अर्धी रजा टाकून आली. अंगावर लोखंडाच्या धुळीचा वास, पिशवीत डबा तसाच. भामाबाई आत झोपल्या होत्या. ताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या मोबाईलमधलं पुन्हा दे. मी शेवटपर्यंतचं सगळं भरते."

"तो मोबाईल मी देऊन टाकला," सुनिता म्हणाली. "नवीन घेताना जुना द्यावा लागतो ना. तुमी घेतलंय म्हनून दिला. निकेशला इचारलं कालच, त्याच्याकडं नाय. कोनाकडंच नाय."

"मी पुसून टाकलं गं."

"म्हंजे आईचा आवाज गेला."

"वीस मिनिटं आहेत."

"वीस मिन्टं." सुनितानं डब्याचं झाकण उगीच घट्ट केलं. "मी कधी ऐकत नव्हते ताई ते. पन होतं माझ्याकडं. आता ही अशी झाली, उद्या मरंल, तवा ऐकीन म्हनून ठेवलं होतं."

ताईंनी माफी मागितली. तो शब्द त्यांच्या घशातून जेमतेम बाहेर आला. सुनिताला ऐकू गेला की नाही कोणास ठाऊक. तिनं ओरडायला हवं होतं, म्हणजे सोपं गेलं असतं. पण ती नुसती दमलेली दिसत होती. दोघीही दमलेल्या, समोरासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मध्ये बारा प्लेअर लाल दिवे लावून बसलेले.

"शेवटचं तुला येतं का?" ताईंनी विचारलं. "देवांना पाठवायचं?"

"मी शिकली नाय."

"येतं का, विचारतेय."

सुनिता हसली, पण ते हसू नव्हतं. "लगीन होऊन आली तवा बारावी झालेली होती मी, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. आई म्हनली, माझ्या मागं तू बस, तुझा गला चांगला हाय. मी म्हनलं, ह्याच्या त्याच्या मांडवात पाटावर बसून गायला मी नाय आली. तोंडावर बोलली. चार बायकांसमोर. तेच्यानंतर तिनं मला कधी शब्द नाय इचारला. पन लग्नाला न्यायची. गायला नाय, पान्याचा तांब्या धरायला. अठरा वर्सं तिच्या पाठीमागं तांब्या घेऊन बसली मी." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "आता येतं का म्हनून काय इचारता. कान काय बंद करून बसत होते काय मी?"

"मग उद्या गा."

"माझं काम नाय ते ताई. मी नाय म्हनलं होतं."

"परवा शनिवार आहे," ताई म्हणाल्या.

सुनिता उठली, आत जाऊन झोपलेल्या सासूच्या पायांवरची चादर सारखी केली आणि वजनकाट्यावर परत गेली.

शुक्रवारी ती येईल अशी ताईंना खात्री नव्हती. दोन वाजले. नियमाप्रमाणे त्यांनी भामाबाईंना हेडफोन लावला. लावू नये असंही वाटत होतं, पण आज जर निरोप द्यायचा तर आधी बोलावणं व्हायला नको का? भामाबाईंचे ओठ हलू लागले. दोन वीसला ताईंचा हात हेडफोनकडे गेला, तेव्हा दारात सुनिता उभी होती. चप्पल बाहेर काढलेली, डोक्यावरून पदर. ड्रेस घालणारी बाई, आज साडी नेसून आली होती. हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता.

"मोबाईलवर भरून घ्या," ती ताईंना म्हणाली. "पन कापू नका."

ताईंनी हेडफोन काढला आणि सुनिता सासूसमोर जमिनीवर बसली. सुरुवातीला आवाजच लागेना. पहिली ओळ वाकडी गेली, ती थांबून पाणी प्यायली, मग तिनं ओळ पुन्हा सुरू केली. ताईंच्या आतल्या मास्तरणीनं सवयीनं चूक मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं. सुनिता एकेका देवाला उठवत होती. जेवलास, बसलास, आता आपल्या ठिकाणी जा. गावदेवीला गावात जायला सांगितलं. ते गाव आता नाही. टेकडीवरच्या देवाला टेकडीवर पाठवलं. ती टेकडी सपाट करून वर विमानं उतरायला लागली. खाडीकाठच्या वडाखालच्या देवाला वडाखाली. तिथे सुनिताचा आवाज अडला, कारण तो वड तोडताना ती आणि भामाबाई दोघी रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या. पण गाण्यात वड होता, म्हणून तिनं त्याला वडाखालीच पाठवलं.

भामाबाईंनी डोळे मिटले होते. प्रत्येक नावाला एक बोट मिटत होतं. दाराशी प्राजक्ता येऊन उभी राहिली. उदयसिंहही फाटक सोडून आला. ते नियमात बसत नव्हतं, पण त्याला कोणी हटकलं नाही. वीस मिनिटं कधीच उलटून गेली. ताईंनी घड्याळ पालथं घातलं. पन्नास मिनिटांनी सुनिता थांबली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं सासूच्या पायांशी ठेवलं.

भामाबाई फाटकाकडे गेल्या नाहीत. थोडा वेळ स्वस्थ बसल्या, खांदे खाली आले, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "भूक लागलीय." मावशी धावत भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आली. भामाबाईंनी दीड भाकरी खाल्ली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. प्राजक्ता मान हलवून खोलीत गेली आणि शनिवारी सुनिताला द्यायचा कागद तिनं टेबलाच्या खणात टाकला, हे ताईंनी काचेतून पाहिलं. तक्ता भरायला घेतला तर कुठला चेहरा काढावा ते त्यांना कळेना. त्यांनी जागा कोरी ठेवली. पाच वाजेपर्यंत भामाबाई खुर्चीतच होत्या. फाटक उघडं राहिलं तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

जेवण आटोपल्यावर सुनिता ताटातलं उष्टं गोळा करत होती, तेव्हा भामाबाईंनी तिचा हात धरला. चेहरा न्याहाळला, जवळून, मान वाकडी करून. अशा वेळी ओळख पटते, असं मुंबईच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, चित्रफीतही दाखवली होती.

"गला बरा हाय तुझा," भामाबाई म्हणाल्या. "कोनाची सून तू?"

"भामाबायची," सुनिता म्हणाली.

"भामा धवलारीन? जिवंत हाय ती?"

"हाय."

भामाबाईंना ते ऐकून बरं वाटलं असावं, कारण त्यांनी तिचा हात थोपटला. "तिला सांग, सुनेनं चांगलं केलं. पन एक देव इसरली."

"कंचा देव?"

भामाबाई विचारात पडल्या. पुन्हा बोटं उघडून मोजली, पुन्हा मिटली. कपाळावर आठी पडली आणि मग गेली.

"मला कुठं आठवतंय आता," त्या म्हणाल्या. "तिलाच इचार. तिला सगले पाठ हायत."

"इचारते," सुनिता म्हणाली. "घरी गेल्यावर इचारते."